आत्याबाईंचा बसून काढायचा फोटो

शिरूर (घोडनदी)
बुधवार, २१ नोव्हेंबर २००७

प्रिय पॉलदादा यांस, मिशन कंपाउंडातून धाकट्या नथानिएलचा मनापासून सलाम.

देवाच्या दयेने इकडे सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? मोनिकावहिनींचं बीपी गोळीला दाद देतंय ना? (त्यांना म्हणावं कारल्याचा रस बंद करा. कारल्याचा संबंध साखरेशी, आणि साखर त्यांना नाही.) तुम्ही येत्या मार्चमध्ये रिटायर होणार असं कानावर आलं. दौंड स्टेशनावर तेहेतीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलेला माणूस घरी बसून काय तपासणार, याची वहिनींना नसेल तेवढी काळजी मला आहे. पत्र उघडलंत आणि इथवर वाचलंत, त्याबद्दल आभार. खरं तर फोनच करायचा होता. पण माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवता, आणि गेली नऊ वर्षं हे अगदी नियमाने चाललं आहे. पत्राचं बरं असतं. आत काय आहे ते बघायला निदान फोडावं तरी लागतं, आणि तुमच्यासारखा टी.सी. न तपासता काही फेकून देईल हे माझ्या मनाला पटत नाही.

आधी सगळ्यांत महत्त्वाचं. एलिझाबेथ आत्याबाई हयात आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, पण आवाज अजून फाटकापर्यंत जातो. गेल्या रविवारी दौंडात तुमच्या कानावर वेगळं काही आलं असेल तर ते चूक आहे, आणि ती चूक माझ्यामुळे झाली. कशी झाली ते पुढे सांगतोच. पण पत्र लिहायचं कारण ते नाही. कारण आहे कॅमेरा! दादा, मी डिजिटल कॅमेरा घेतोय. महिनाभर मला दुसरं काही सुचत नाही. जेवताना घास हातात धरून बसतो, चर्चमध्ये गीताचं पान भलतंच काढतो, आणि परवा तर कंपनीच्या गेटपासावर मालाच्या नावाच्या जागी 'लेन्स' लिहून बसलो. (माल होता बेअरिंग. ट्रक परत आला.) छोटा घ्यावा की मोठा, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि त्यावर तुमचा सल्ला हवा. तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. चालत्या गाडीत नुसत्या तोंडाकडे बघून विनातिकीट माणूस ओळखणाऱ्याला कॅमेऱ्यातलं कळणार नाही तर कोणाला कळणार?

सुरुवात झाली ऑक्टोबरात. डॉक्टरांनी आत्याबाईंची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, त्यांना जे हवं-नको ते आता बघा. मी तोंड पाडून घरी आलो. आत्याबाईंनी काही विचारलं नाही. (त्यांनी डॉक्टरांचं बोलणं दाराआडून ऐकलं होतं.) त्यांनी कपाटातून घराण्याचा अल्बम काढला आणि मला शेजारी बसवलं. तो अल्बम लहानपणापासून आपण बघत आलो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्यात मोठे फोटो अकरा आहेत आणि अकराच्या अकरा पेटीभोवतीचे आहेत. आपल्यात माणूस गेलं की चर्चचे दोन बाक आणून त्यांच्यावर पेटी ठेवायची, तोंड दिसावं म्हणून डोक्याकडची बाजू जरा उचलायची, बायका पुढे बसायच्या, पुरुष मागे उभे राहायचे, आणि दफनाला निघण्याआधी सगळ्या गोतावळ्याचा एक फोटो. लग्नात कोणी रुसतं, नाताळात कोणाची ड्यूटी असते, पण पेटीभोवती झाडून सगळे हजर. त्यामुळे आपलं सगळं घराणं एका ठिकाणी बघायचं तर मधोमध कोणीतरी आडवं पडलेलं लागतं. अकराही फोटोंत आत्याबाई आहेत, पहिल्यात परकर-पोलक्यात, शेवटच्यात काठी घेऊन.

त्यांनी अल्बम मिटला आणि म्हणाल्या, "बाराव्यात मी आडवी. समदी येतील, मला ठाव हाय. पण मला काय दिसनार त्यात? मला जित्तेपणी बघायचंय कोन कोन आलं ते. खुर्ची ठिवा, मी बसते, भवती समदी उभी ऱ्हावा आन् काढा फोटो." मग त्यांनी माझ्याकडून नावं लिहून घेतली. सत्तावीस माणसं झाली. पहिलं नाव तुमचं. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात आणि आत्याबाईंनी तुम्हाला पदराखाली घेतलं, तेव्हापासून त्यांच्या कुठल्याही यादीत पहिलं नाव तुमचंच असतं. (दुसरं माझं. मी रुसलेलो नाही.) आणि अट अशी की सत्तावीसमधला एक जरी कमी असला तरी त्या खुर्चीवर बसणार नाहीत.

आता एक विषय निघणार हे तुमच्या ध्यानात आलं असेल. मीही टाळत नाही. अकरावा फोटो, १९९८ सालचा, थोरल्या काकांचा. तुमच्या वडिलांच्या पेटीभोवती सगळे आहेत, आणि तुम्ही नाही. उभे तर होतात, पेटीच्या डोक्याकडे, थोरल्या मुलाच्या जागी, रेल्वेचा काळा कोट घालून. फोटोत आलं ते तुमचं कोपर. (कोपर फार स्पष्ट आलं आहे. कोटाची शिवणसुद्धा दिसते.) फोटो मी काढला होता. रोल धुऊन आला, तुम्ही फोटो हातात घेतलात, बराच वेळ बघितलात, टेबलावर उलटा ठेवलात आणि दौंडची गाडी पकडलीत. त्यानंतर तुम्ही शिरूरला आला नाहीत. मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो आहे की दोष कॅमेऱ्याचा होता. त्या रोलच्या कॅमेऱ्यात डोळा लावायचं भोक एकीकडे आणि भिंग दुसरीकडे, त्यामुळे दिसतं ते येत नाही आणि येतं ते दिसत नाही. म्हणून या खेपेला कॅमेरा असा पाहिजे की बटण दाबायच्या आधी माणसं मोजता येतील आणि दाबल्यावर पुन्हा मोजता येतील. आत्याबाईंना दुसरी संधी मिळेलच असं डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून वाटत नाही, दादा. एकदाच काढायचा आहे आणि नीट काढायचा आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी रांजणगावला स्टोअर सांभाळतो. तीन कोटेशनं आणि तुलनेचा तक्ता केल्याशिवाय मी घरात केरसुणीसुद्धा आणत नाही. तसाच कॅमेऱ्यांचाही तक्ता केला. छोटा म्हणजे खिशात मावणारा, आणि मोठा म्हणजे ज्याला डीएसएलआर म्हणतात तो, त्यातला सगळ्यांत साधा, शिकाऊ माणसाने घ्यायचा. पहिल्याच ओळीला माझं डोकं गरगरलं. छोट्यात सात मेगापिक्सेल आणि मोठ्यात सहा! मी दुकानदाराला म्हटलं, तुमची पट्टी उलटी लागली आहे. तो हसला. मग मी बबनरावांकडे गेलो. (बाजारपेठेतले स्टुडिओवाले. निम्म्या शिरूरचे पासपोर्ट फोटो आणि लग्नं त्यांच्या हातची आहेत.) ते म्हणाले, आकड्यांवर जाऊ नका, मोठ्याची काच मोठी आणि आत उजेड झेलणारा तुकडाही मोठा, म्हणून एका मेगापिक्सेलने काही बिघडत नाही. मी मान डोलावली. घरी येऊन रात्री दोनदा हिशेब केला, तरी सातापेक्षा सहा जास्त येईनात.

मग पडदा. छोट्याच्या पाठीवर पडदा असतो आणि बटण दाबायच्या आधीच त्यात सगळं दिसतं, कोण आत आहे, कोण बाहेर राहिला. मी दुकानातच टाळी वाजवली. हाच कॅमेरा १९९८ साली असता तर! मोठ्यालाही पडदा आहे, पण त्यावर काढून झालेला फोटो दिसतो. काढताना मात्र पुन्हा भोकालाच डोळा. भोक म्हटल्यावर मी तक्त्यात त्या ओळीवर फुलीच मारली. बबनरावांनी समजूत घातली की या भोकातून थेट भिंगातलंच दिसतं, आणि दिसतं त्याहून फोटोत कडेकडेने थोडं जास्त येतं, कमी कधीच येत नाही. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही, आणि का झाला नाही ते तेव्हा कळलं नाही.

छोट्याला माणसाचं तोंड ओळखता येतं म्हणे. पडद्यावर तोंडाभोवती चौकट उमटते. बबनरावांनी आपला छोटा आणि मोठा, दोन्ही कॅमेरे दोन दिवसांसाठी वापरून बघायला दिले, तेव्हा मी आधी छोटा घेऊन आत्याबाईंसमोर बसलो. चौकट त्यांच्यामागच्या कॅलेंडरावरच्या बाळाभोवती उमटली. आत्याबाईंभोवती काही केल्या उमटेना. त्या हसल्या की उमटायची आणि हसणं थांबलं की जायची. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "साबनाच्या डबीएवढा कॅमेरा, आन् समदं खानदान त्यात कसं मावंल रं?" त्यांचं खोटं नव्हतं. छोट्याची नजर अरुंद आहे. आपल्या ओट्यापुढची सगळी जागा त्यात घ्यायची तर मला मागे मागे जात फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर उभं राहावं लागतं, आणि तिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. मोठ्यात तेच सगळं अंगणातून मावतं. शिवाय मोठ्याचा एक गुण तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहावा ते मला कळत नाही. तो डोळ्याला लावला की माणसं आपोआप नीट उभी राहतात, शर्टाची गुंडी लावतात. छोटा समोर धरला तर लोक विचारतात, काय शोधताय?

खरी परीक्षा झाली ती मेंढरांवर. सत्तावीस माणसं नुसत्या सरावासाठी कोण देणार? तेव्हा मी शेजारच्या रखमाजीला गाठलं. (तुमच्या वेळचा बिरदेव धनगर आठवतो ना, त्याचा मुलगा. बाप आयुष्यभर मेंढरांमागे चालला, हा आता कांदा करतो, पण चाळीस मेंढरं आणि एक एडका, म्हणजे मेंढा, त्याने हौसेने ठेवले आहेत.) म्हटलं, तुझ्या सगळ्या मेंढरांचा एक ग्रुप फोटो काढतो, फुकट. रखमाजी घरात जाऊन नवी टोपी घालून आला. आधी छोटा. मी बटण दाबलं की तो क्षणभर विचार करतो, मग फोटो काढतो, आणि तेवढ्या वेळात मेंढरांचे विचार बदलतात. पहिल्या फोटोत बारा तोंडं आणि अठ्ठावीस शेपट्या. दुसऱ्यात चाळीसही शेपट्या. वर दुपारच्या उन्हात त्या पडद्यावर मेंढरं दिसेचनात, माझंच टक्कल दिसत होतं. सगळी मावावीत म्हणून मागे सरकता सरकता मी रखमाजीच्या लेंडीखताच्या ढिगात बसलो. कॅमेरा मात्र वर धरून ठेवला होता, त्याला काही झालं नाही.

मग मोठा काढला. खट् म्हणता फोटो! एकही मेंढरू हललं नाही. चाळीस तोंडं, एकेक डोळा चमकतोय. मला उड्या माराव्याशा वाटल्या आणि एक मारलीही. धावत जाऊन रखमाजीला पडद्यावर दाखवलं. त्याने डोळे बारीक करून एकेका मेंढराला नावाने हाक मारली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "चाळीस हायती. पर माझा एडका कुठंय? ह्ये कडंला शिंग त्याचंच हाय. बाकीचा कुठं ठिवला?" दादा, मी पाहिलं. फोटोच्या डाव्या कडेला एक वळलेलं शिंग होतं, फार स्पष्ट. एडका तिथेच उभा होता, हलला नव्हता, कॅमेरा चांगला होता, भोकातून सगळं दिसत होतं. मी तसाच घरी आलो. जेवलोही नाही. रखमाजीला मात्र दुसऱ्या दिवशी एडक्याचा एकट्याचा फोटो काढून द्यावा लागला, तो त्याने देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

आता गेल्या रविवारचं. सराव पुरे झाला, माणसं बोलावून टाकावीत म्हणून मी शनिवारी कोरेगाव भीमाला सिंधूताईला फोन केला. आपल्या चुलतबहिणीचं तुम्हाला माहीतच आहे, एक निरोप तिच्याकडे दिला की तो तासाभरात सगळ्या नातेवाइकांकडे पोचतो. मी जसंच्या तसं बोललो ते इथे लिहितो. आत्याबाईंचा फोटो आहे, उद्या सगळ्यांना घेऊन ये. तिने विचारलं, किती वाजता. मी म्हटलं, चारला, उजेड आहे तोवर उरकू. ती पलीकडे गप्प झाली. मला वाटलं मोबाइलमधला बॅलन्स संपला. बिचारीची काय चूक? आपल्यात सत्तर वर्षांत 'फोटोला या' असं बोलावणं एकाच गोष्टीसाठी आलं आहे, आणि ती गोष्ट नेहमी चारलाच असते.

रविवारी दुपारी दोन जिपा फाटकाशी लागल्या आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका हंबरडा फोडत उतरल्या. पुढे सिंधूताई, तिच्या हातात फुलांचं मोठं चक्र. मी तेव्हा अंगणात खुर्ची पुसत होतो. मला बघून ती माझ्या गळ्यात पडली आणि मीही रडायला लागलो. (सगळी रडत होती, दादा. मला वाटलं कोणीतरी गेलंय, आत जाऊन विचारू.) तेवढ्यात दार उघडून आत्याबाईच बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, कोण गेलं गं? सिंधूताई मटकन खाली बसली. ज्यांनी रडायला सुरुवात केली होती त्यांना ते एकदम बंद करता येईना, म्हणून काही जणी आत्याबाईंच्याच गळ्यात पडून आत्याबाईंसाठी रडल्या. चक्रावर रिबीन होती, तिच्यावर 'प्रिय आत्याबाईंना अखेरचा सलाम' असं लिहिलेलं. आत्याबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि सलाम, सलाम, चहा घ्या म्हणाल्या. चक्र त्यांनी दाराला लावायला सांगितलं, फुलं ताजी होती म्हणून.

एवढ्यात चर्चमधून चौघे जण दोन बाक घेऊन आले. ते बघून मात्र त्यांचा पारा चढला. "मी खुर्ची सांगितली व्हती! बाकं कुनी आनली? अजून हाय मी हितं!" असं त्या अर्धा तास ओरडत होत्या, पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. दफनभूमीत दोघांनी खणायलाही घेतलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, राहू द्या की खड्डा, कामाला येईल, पण चर्चच्या पाळकसाहेबांनी ऐकलं नाही, तो बुजवून घेतला. चार वाजता सगळे शांत झाले, बबनराव मोठा कॅमेरा घेऊन उभे राहिले, ऊन सोन्यासारखं पडलं होतं. आत्याबाई खुर्चीपर्यंत आल्या. काठीने एकेकाकडे दाखवत माणसं मोजली. सव्वीस. त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा सव्वीस. "माझं पोरगं न्हाई ह्यात," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी हाका मारल्या, उघडलं नाही. मंडळी चहा पिऊन गेली. सिंधूताईने तुम्हाला कळवलंच नसणार असं मी धरून चाललो आहे, कारण तिने कळवलं असतं तर तुम्ही आला असतात. यात मला कधी शंका वाटली नाही.

तर पुन्हा रविवार, २ डिसेंबर ठरला आहे. या वेळी मी सगळ्यांना कार्डं टाकली आहेत आणि आत्याबाई हयात असून खुर्चीवर बसणार आहेत, असं खाली रेघ मारून लिहिलं आहे. बसायची-उभं राहायची जागाही मी कागदावर आखली आहे. मधोमध खुर्ची, तिच्या बरोबर मागे तुम्ही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिथून कोणी तुम्हाला कापायचं म्हटलं तरी आधी आत्याबाईंना कापावं लागेल. मोठ्या कॅमेऱ्यात बटण दाबून दहा सेकंदांत धावत येऊन उभं राहायची सोय आहे, तेव्हा अगदी कडेला मी उभा राहणार. यातून कोणाचं कोपर जायचंच असलं तर ते माझं जाऊ दे. राहता राहिलं ते छोटा की मोठा. सोबत तक्ता जोडला आहे, तो बारकाईने तपासा आणि उलट टपाली कळवा. तुम्ही सांगाल तो घेईन, त्यात इकडचं तिकडे करणार नाही.

मोनिकावहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. आत्याबाई आत्ता ओट्यावर बसून ज्वारी निवडताहेत. हे पत्र कोणाला लिहितोय ते मी त्यांना सांगितलेलं नाही, पण त्यांनी मघाशी न विचारता तिकिटाला लावायचा डिंक आणून ठेवला.

तुमचा धाकटा भाऊ,
नथानिएल

ता.क. कॅमेरा घेतला. सोमवारीच पुण्याला जाऊन आलो. मोठा. तेव्हा सल्ल्याची तसदी घेऊ नका, तक्ता फाडून टाकला तरी चालेल. सोमवारी आणि काल, दोन्ही संध्याकाळी बबनरावांनी मला अंगणात उभं केलं आणि भोकाला डोळा लावून मधलं सोडून फक्त चारी कडा बघायला लावल्या. आता मला कडा दिसायला लागल्या आहेत.

दुसरं ता.क. १९९८ साली कॅमेऱ्याचा दोष नव्हता. हे मला त्या एडक्याच्या शिंगाने कळलं, म्हणजे कळत आधीपासून असावं. मी त्या दिवशी कडा बघितल्याच नाहीत. मी काकांकडे बघत होतो. मला सायकल त्यांनी शिकवली, शाळेत त्यांनी घातलं, आणि भोकातून मला ते एकटेच दिसत होते. तुम्ही शेजारी उभे आहात हे मी विसरलो. चूक माझी आहे. ती मी नऊ वर्षं एका मुक्या डब्यावर ढकलली. दादा, मला माफ करा.

तिसरं ता.क. हे लिहावं की नाही ते ठरत नव्हतं, पण पाकीट अजून चिकटवलेलं नाही. काल रखमाजी भांडायला आला होता. रविवारपासून त्याच्या एडक्याचं पोट फुगलंय, कारण त्याने शेवंतीचा अख्खा हार दोऱ्यासकट खाल्ला. हार कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाला, रविवारी दुपारी काळ्या कोटातला एक माणूस स्टँडाकडून हार घेऊन घाईघाईने चालत आला आणि फाटकाशी थबकला. आतून आत्याबाईंचं बाकांवरून ओरडणं चाललं होतं. त्याने रखमाजीला विचारलं, आत कोण ओरडतंय? रखमाजी म्हणाला, आत्याबाई, दुसरं कोण? तो माणूस रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसला. हसत होता की रडत होता ते रखमाजीला सांगता येत नाही. त्यांचा आवाज ऐकत बराच वेळ बसला, मग हार तिथेच ठेवून स्टँडाकडे परत गेला. मी म्हटलं, असेल कोणी वाटसरू. त्यावर रखमाजी म्हणाला, "नथूभाऊ, मला चाळीस मेंढरांत कवा चूक व्हत न्हाई. त्याचं नाक तुमच्याच कळपाचं व्हतं."

आत्याबाईंना यातलं मी काही बोललो नाही. ते तुमचं तुम्हीच सांगा. २ तारखेला दौंडची पहिली एस.टी. साडेनऊला शिरूरला लागते. मी कॅमेरा घरी ठेवून स्टँडावर उभा असेन. एडका आता रवंथ करायला लागला आहे, पण या खेपेला हार आणू नका.